ट्युबा-पुराण : एका जुन्या वाद्याच्या शोधाची गोष्ट

वरातीतल्या ब्रास बँडमध्ये सगळ्यात मागच्या रांगेत, अंगाभोवती पितळेचं वेटोळं घेऊन चालणारा एक माणूस असायचा. क्लॅरोनेटवाल्याला लोक फर्माईश करायचे, ट्रंपेटवाल्यावरून नोटा ओवाळायचे. या मागच्या माणसाकडे मात्र कुणी ढुंकूनही बघायचं नाही. त्याच्या वाद्याला आपण ‘भोंगा’ म्हणून मोकळे झालो. त्या भोंग्याचं खरं नाव सूझाफोन, आणि तो ज्या घराण्यातला, त्या घराण्याचं नाव ट्युबा.

हे ज्ञान मला इथे ओहायोत आल्यावर, आणि तेही लेकीच्या कृपेने झालं. तीन वर्षांपूर्वी ती सहावीत गेली. इथल्या शाळेत सहावीपासून बँड. बहुतेक मुली फ्लूट नाहीतर क्लॅरिनेट निवडतात, ही दोन्ही वाद्यं दप्तराशेजारी सहज मावतात. आमच्या कन्येने सगळी वाद्यं फुंकून पाहिली आणि घरी येऊन जाहीर केलं, “मी ट्युबा वाजवणार.” वय वर्षं अकरा, उंची बेताची, वजन तर विचारूच नका!

शाळेकडे दोन ट्युबा होते, पण दोन्ही मोठे आणि बँडरूममधून हलवायचे नाहीत असा नियम. बँडच्या सरांनी नीट समजावून सांगितलं : रोज घरी वीस मिनिटं सराव झाला पाहिजे. हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत घरी वाद्याची सोय झाली तर उत्तम, नाहीतर तिला दुसरं वाद्य देऊ. त्यात त्या वर्षी आमच्या घरात एकच पगार होता. नवा, चांगल्या कंपनीचा, अगदी शिकाऊ मुलांचा ट्युबासुद्धा काही हजार डॉलरला पडतो. आम्ही दोघांनी बसून हिशेब केला, तेव्हा फार तर हजार डॉलर निघत होते. म्हणजे जुना घ्यायचा, तिला उचलता येईल एवढाच घ्यायचा, आणि तीन महिन्यांत घ्यायचा.

पुण्याहून सासूबाईंनी फोनवर विचारलं, “अगं, पोरगी बँडवाला होणार का आता?” त्या हसत म्हणाल्या, पण प्रश्न अगदीच हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याकडे पुढे येतेच. जुना ट्युबा घ्यायचा तर काय बघायचं, हे कळायला मला या वाद्याचा इतिहास वाचावा लागला. आणि मंडळी, तो इतिहास वाचला म्हणूनच पैसे वाचले!

सापापासून सुरुवात

बँडमध्ये चाल धरणारी वाद्यं पुष्कळ, पण खालचा स्वर धरणारा कुणीतरी लागतोच. आपल्याकडे सनईला सूर धरणारा लागतो, तसंच. युरोपात हे काम फार वर्षं ‘सर्पंट’ नावाचं वाद्य करत होतं. सर्पंट म्हणजे सापच. लाकडाची, वर चामडं गुंडाळलेली, नागमोडी नळी आणि अंगावर भोकं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये चर्चमधल्या गाण्याला साथ म्हणून ते आलं, असं परंपरेने सांगतात. पुढे ते पलटणींच्या बँडमध्येही शिरलं. १८१७ च्या सुमारास पॅरिसमध्ये पितळेचं, किल्ल्या लावलेलं ‘ऑफिक्लाइड’ तयार झालं. बर्लिओझने १८३० मध्ये आपल्या ‘सिंफनी फँटास्टिक’मध्ये ते वापरलं. आज तो भाग बहुतेक ठिकाणी ट्युबावर वाजवतात.

या वाद्यांची अडचण अशी, की नळीला भोकं पाडली की प्रत्येक स्वराचा आवाज सारखा निघत नाही. तोडगा निघाला जर्मनीत. १८१८ मध्ये श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. बोटाने पिस्टन दाबला, की हवा नळीच्या एका जादा तुकड्यातून फिरून येते. नळी लांबली, की स्वर उतरला. इतकी साधी युक्ती! त्यानंतर १२ सप्टेंबर १८३५ ला बर्लिनमध्ये लष्करी बँडचे प्रमुख विल्हेल्म व्हीप्रेख्त आणि वाद्यं बनवणारे योहान गॉटफ्रीड मोरित्झ यांनी ‘बास ट्युबा’चं पेटंट घेतलं. ट्युबा हा मूळ लॅटिन शब्द, रोमन सैन्यातल्या सरळ तुतारीचं नाव. ही नवी तुतारी मात्र बारा फूट नळी गुंडाळून केलेली होती आणि तिला पाच व्हॉल्व्ह होते.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. पहिला ट्युबा आजच्या मानाने लहानच होता आणि तो केला होता लष्करी बँडसाठी. तेव्हा ‘उचलून नेता येईल असा ट्युबा’ ही काही आमच्या अकरा वर्षांच्या मुलीची खास मागणी नव्हती. ती या वाद्याच्या जन्मापासूनची मागणी आहे.

खांद्यावर, कमरेभोवती, डोक्यावर

पुढे लोकांना आणखी खालचा, आणखी भरदार स्वर हवासा वाटला आणि वाद्य वाढत गेलं. अमेरिकेत शाळांतून वापरतात त्या बी-फ्लॅट ट्युबाची नळी सरळ केली तर सुमारे अठरा फूट भरते. म्हणजे आपल्या घरातल्या छताच्या दुपटीहून जास्त! ती उचलायची कशी, याच्यावर लोकांनी शंभर वर्षं डोकं चालवलं.

१८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अडॉल्फ सॅक्सने (सॅक्सोफोनवाला तोच) सॅक्सहॉर्न नावाची वाद्यांची सबंध मालिका काढली. अमेरिकन यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, त्याच धर्तीची वाद्यं खांद्यावर ठेवून वाजवत. कर्ण्याचं तोंड मागे असे, कारण पलटण बँडच्या मागून चालायची आणि ऐकायचं तिला होतं. व्हिएन्नाकडे ‘हेलिकॉन’ निघालं. हे वेटोळं अंगाभोवती चढवायचं, म्हणजे भार खांद्यावर पेलला जातो. त्याचंच पुढचं रूप सूझाफोन. बँडमास्टर जॉन फिलिप सूझाच्या सूचनेवरून १८९० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी तो केला आणि १८९८ मध्ये कॉन कंपनीने आपला काढला. सुरुवातीला त्याचं तोंड आकाशाकडे असे, म्हणून लोक त्याला गमतीने ‘पाऊस धरणारा’ म्हणत. तोंड समोर वळवलेला प्रकार नंतर, १९०८ च्या सुमारास आला.

सूझाफोन उचलायला सोपा असं मलाही प्रथम वाटलं होतं. पण पितळेचा सूझाफोन पंचवीस-तीस पौंडांच्या घरात जातो. भार खांद्यावर येतो म्हणून मोठा मुलगा तो पेलतो, पण लहान मुलीने घरातल्या खुर्चीवर बसून रोज वाजवण्याचं ते वाद्य नव्हे. १९६० च्या दशकात फायबरग्लासचे हलके सूझाफोन निघाले, ते आजही जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. पण त्यांची पेटी म्हणजे जवळजवळ एक कपाटच. ना स्कूलबसमध्ये शिरणार, ना आमच्या गाडीच्या डिकीत.

शाळा, कारखाने आणि जुना बाजार

यादवी युद्धानंतर अमेरिकेत गावोगाव बँड निघाले. इंडियानातल्या एल्खार्टमध्ये चार्ल्स कॉनने १८७० च्या दशकात कारखाना काढला आणि ते गाव बँडच्या वाद्यांची राजधानीच झालं. इथे आमच्या ओहायोत, क्लीव्हलंडमध्ये, एच. एन. व्हाइट कंपनीची ‘किंग’ वाद्यं बनू लागली. मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समध्ये यॉर्क कंपनी होती. सीअर्सच्या कॅटलॉगातून टपालाने बँडची वाद्यं मागवता येत.

पहिल्या महायुद्धानंतर शाळांचे बँड जोरात सुरू झाले. १९२३ मध्ये शिकागोला शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि तिला वाद्य-कारखानदारांचाच पाठिंबा होता. त्यांचं गणित सरळ होतं : मुलं वाजवतील, तर वाद्यं खपतील. आईबाप फ्लूट किंवा कॉर्नेट विकत घेत. ट्युबा मात्र एका घराला झेपणारा नव्हता, म्हणून तो शाळेने घ्यायचा अशी रीत पडली. ती आजतागायत चालू आहे. १९४२ मध्ये धातू युद्धाकडे वळवल्यामुळे सरकारने पितळी वाद्यांचं उत्पादन थांबवलं, तेव्हा तर होती ती वाद्यं डाख लावून, ठोकून वर्षानुवर्षं चालवली गेली.

अमेरिकेत जुने ट्युबा आहेत कुठे, याचं उत्तर या इतिहासातच आहे. ते आहेत शाळांच्या माळ्यांवर, शाळांच्या लिलावांत, निवृत्त बँडमास्तरांच्या गराजमध्ये आणि बंद पडलेल्या गावबँडांच्या सामानात. ट्युबा फार क्वचित एका माणसाचा ‘नवा कोरा’ असतो. तो एका हातातून दुसऱ्या हातात जात असतो. हे कळल्यावर ‘जुनं कशाला, लोक काय म्हणतील’ हा आपला मराठी संकोच माझ्यापुरता तरी संपला.

त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आर्नल्ड जेकब्ज यांची. १९३० च्या दशकात फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे संचालक स्टोकोव्स्की यांना भरदार आवाजाचा ट्युबा हवा होता, म्हणून यॉर्क कंपनीने तो बनवला. वाजवणार होते फिलिप डोनाटेली. पण तो त्यांच्या अंगाला नीट बसेना. तेव्हा त्यांनी तो आपल्या विद्यार्थ्याला, कर्टिस संस्थेत शिकणाऱ्या जेकब्जला, १७५ डॉलरला विकला, तेही हप्त्याहप्त्याने. हेच जेकब्ज १९४४ ते १९८८ शिकागो सिंफनीत होते आणि विसाव्या शतकातले ट्युबाचे सर्वांत मोठे शिक्षक मानले गेले. तो यॉर्क ट्युबा पुढे शिकागो सिंफनीच्या मालकीचा झाला आणि आज नामांकित कंपन्या त्याच्या नकला करून विकतात. एका विद्यार्थ्याने हप्त्यावर घेतलेलं सेकंडहँड वाद्य! आणि ते विकलं का गेलं, तर वाजवणाऱ्याच्या अंगाला बसलं नाही म्हणून. आमच्यासाठी यातला दुसरा मुद्दा जास्त कामाचा होता.

आम्ही काय काय पाहिलं

पहिला ट्युबा सापडला एका जुन्या वस्तूंच्या दुकानात. शंभरेक वर्षांचा, चांदीचा मुलामा, कोरीव वेलबुट्टी, आकार लहान आणि किंमत तीनशे डॉलर. नवरा पाकीट काढणार, इतक्यात मी नळीवरचा शिक्का वाचला : ‘एच. पी.’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतले अनेक बँड आजच्यापेक्षा चढा सूर लावत. त्या सुराच्या वाद्यांवर ‘हाय पिच’चा आणि आजच्या सुराच्या जवळच्या वाद्यांवर ‘लो पिच’चा शिक्का असे. एच. पी. वाद्य आजच्या बँडमध्ये काही केल्या सुरात बसत नाही. शिवाय ते ई-फ्लॅटमधलं होतं. त्या काळी असे लहान ई-फ्लॅट ट्युबा इथल्या बँडमध्ये सर्रास असत. नळी सुमारे तेरा फूट, म्हणून वाद्य आटोपशीर, पण त्याची बोटं निराळी आणि शाळेची पुस्तकं बी-फ्लॅटची. शो-केससाठी उत्तम, पोरीसाठी नाही.

दुसरा एका दूरच्या शाळेच्या लिलावात. आवाज छान, पण उभा केला तर लेकीच्या खांद्यापर्यंत यायचा. मांडीवर घेतल्यावर माउथपीस तिच्या कपाळापाशी! अंगाला बसणं म्हणजे काय, ते त्या दिवशी प्रत्यक्ष दिसलं.

मग आमच्या भागातल्या वाद्यदुरुस्ती करणाऱ्या आजोबांनी एक शब्द सांगितला, ‘थ्री-क्वार्टर’. मला वाटलं, लहान म्हणजे सूर वेगळा. पण तसं नाही. थ्री-क्वार्टर बी-फ्लॅट ट्युबाची नळी तेवढीच, अठरा फूट. फक्त ती अरुंद, जास्त घट्ट गुंडाळलेली, आणि कर्ण्याचं तोंड लहान. बोटं तीच, पुस्तक तेच. आवाजाला मोठ्याची घनता नसते, पण लहान फुप्फुसांना भरायला तो सोपा.

असा एक तीन पिस्टनचा यामाहा ट्युबा पन्नास मैलांवरच्या एका निवृत्त बँड शिक्षिकेकडे निघाला. दुरुस्तीवाल्या आजोबांनी सांगितलेल्या कसोट्या मी कागदावर लिहून नेल्या होत्या. त्या इथे देते, कारण त्या कोणत्याही जुन्या पितळी वाद्याला लागू पडतात :

पिस्टन तेल घालून दाबले, की झटकन वर आले पाहिजेत. पिस्टन न दाबता त्याची स्लाइड बाहेर खेचली आणि मग पिस्टन दाबला, तर ‘पुक्’ असा आवाज यावा. आला तर हवा कुठे गळत नाही. सगळ्या स्लाइड हलल्या पाहिजेत. अडकलेली स्लाइड ओढायला जाऊ नये, ते काम कारागिराचं. मोठ्या नळ्यांवरच्या पोच्यांना घाबरू नये. तांबट आळीत भांडं ठोकून सरळ करतात तसे ते निघतात, आणि थोडे राहिले तरी बिघडत नाही. माउथपीसजवळच्या बारीक नळीवर मात्र गुलाबी-तांबूस डाग दिसले तर सावध व्हावं. पितळेतलं जस्त निघून जाऊन तिथे धातू पोकळ होत असतो. वाद्यावर एखाद्या शाळेचा नंबर असेल, तर ते रीतसर विकलं गेल्याची पावती मागावी. आणि शेवटचं : मुलाला खुर्चीवर बसवून, वाद्य मांडीवर किंवा स्टँडवर ठेवून, मान न वाकवता ओठ माउथपीसला टेकतात का ते पाहावं. मग पाठीला लावून जिना चढायला सांगावं.

लेक जिना चढली, उतरली, आणि वर पुन्हा एकदा चढली. पोचे होते तीन. बाईंनी साडेनऊशे डॉलर सांगितले होते. पाठीला लावायच्या जुन्या पिशवीसकट नऊशेला दिला. दुरुस्तीवाल्या आजोबांनी साठ डॉलरमध्ये आतून धुऊन, पिस्टनचे फेल्ट बदलून दिले. हजाराच्या आत आणि नाताळच्या सुट्टीच्या आठ दिवस आधी!

आणि तो बँडवाला

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे. ही वाद्यं आपल्याकडे आली ती इंग्रजी पलटणींच्या बँडमधून. संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले. मेरठची जली कोठी हे वाद्यांचं मोठं केंद्र झालं आणि तिथल्या वाद्यांवर देशभरचे बँड वाजू लागले. पुढे हेच बँड लग्नांत आणि गणपतीच्या मिरवणुकीत आले. पुण्याचा प्रभात बँड कुणाला माहीत नाही? ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००५ मध्ये भारतातल्या लग्नाच्या बँडवर ‘ब्रास बाजा’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. पण आपण? वाजवणारे बहुतेक गरीब, पुष्कळसे दलित आणि मुसलमान घरांतले. त्यांना आपण वरातीत नाचायला बोलावलं, पंगतीला नाही. इथे तेच वाद्य शाळेच्या अभ्यासक्रमात आहे, त्याला ग्रेड मिळते, कॉलेजात त्यावर शिष्यवृत्ती मिळते. वाद्य तेच, फरक आपल्या बघण्यात आहे.

मी सासूबाईंना फोनवर हे सगळं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “आमच्या लग्नात बँड होता. त्या मागच्या माणसाचं वाद्य फार जड असणार गं.” पुढच्या दिवाळीत नातीने त्यांना व्हिडिओ कॉलवर एक आरतीची चाल वाजवून दाखवली. आजींनी पलीकडून टाळ्या धरल्या. चौथ्या ओळीला श्वास संपला, तेव्हा आजी म्हणाल्या, “थांब बाळा, घाई नाही.”

डिसेंबरात लेकीला घेऊन ‘ट्युबाख्रिसमस’ला गेलो. हार्वी फिलिप्स या वादकाने आपले गुरू विल्यम बेल यांच्या स्मरणार्थ २२ डिसेंबर १९७४ ला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या बर्फाच्या मैदानावर शेकडो ट्युबावाले जमवले होते. बेल यांचा जन्म नाताळच्या दिवशीचा. तेव्हापासून गावोगाव हा मेळा भरतो. नावनोंदणीचे थोडे पैसे भरून कुणीही वाजवू शकतो. तिथे बारा वर्षांची मुलं आणि ऐंशी वर्षांचे आजोबा एका रांगेत बसले होते. कुणाचा ट्युबा चकचकीत, कुणाचा पोच्यांनी भरलेला. जुनं वाद्य शोधणाऱ्यांनी अशा ठिकाणी जरूर जावं. कुणाच्या गराजमध्ये काय आहे, ते तिथे बरोबर कळतं.

लेक आता नववीत आहे. मार्चिंग बँडमध्ये ती शाळेचा सूझाफोन अंगावर घालून मागच्या रांगेत चालते. उंचीही वाढली आहे, त्यामुळे घरचा थ्री-क्वार्टर तिला लहान पडू लागलाय. येत्या उन्हाळ्यात आम्ही तो द्यायचा म्हणतोय. मंडळातल्या कुणाच्या मुलाने किंवा मुलीने ट्युबा वाजवायचा हट्ट धरला असेल, तर कार्यकारिणीकडे निरोप ठेवा. किंमत आम्हाला पडली तीच, आणि ती हप्त्याने दिली तरी चालेल. पोचे अजून तीनच आहेत!